भरून पावलो

माझ्या आजीच्या पवित्र शास्त्राची शेवटची तीन पानं कोरी होती. छापणाऱ्यांनी ती टिपणांसाठी सोडली असावीत. आजीनं त्यांवर हिशेब लिहिले. बोथट पेन्सिल, रेघ सोडून वर वर चढत जाणारं अक्षर. साल 1972. दुष्काळी कामावर खडी फोडल्याची आठवड्याची मजुरी, दुकानदाराची उधारी, मिलो किती, रॉकेल किती, शेजारणीला दिलेलं चिपटंभर पीठ. दर आठवड्याखाली एक आडवी रेघ आणि तिच्याखाली 'बाकी'. एके ठिकाणी मात्र 'बाकी'पुढे आकडा नाही. तिथं लिहिलंय : स्तोत्र 13.

लहानपणी मला वाटायचं, आजी चुकली. रविवारचा शास्त्रभाग भलत्याच जागी टिपून बसली. पुढे कधीतरी ते स्तोत्र नीट वाचलं. जेमतेम सहा वचनांचं आहे. आरंभीच लिहिणारा देवाला चारदा विचारतो, की हे कुठवर चालायचं. आणि सहाव्या वचनाला पोचेपर्यंत तो गाऊ लागलेला असतो. मधे परिस्थिती पालटल्याचं कुठंही म्हटलेलं नाही. आजीनं ती बाकी कुणाच्या नावावर मांडली होती, ते तेव्हा कळलं.

हे छोटं पुस्तक त्या बाकीबद्दल आहे. त्यातली प्रकरणं मूळची बोललेली आहेत. कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यावर आमच्या मंडळीत बुधवारच्या संध्याकाळी फिलिप्पैकरांस पत्राचं वाचन सुरू झालं. चार अध्याय, एकशे चार वचनं; आवाज चढवून वाचलं तर अर्ध्या तासात संपतं. आम्हाला अकरा महिने लागले. कारण दर बुधवारी कुणीतरी मधेच थांबवून विचारायचं, “हे खरं म्हणायचं का?” आणि विचारणाऱ्यांच्या घरी नुकतंच काय घडून गेलंय हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तोंडपाठ उत्तर देण्याची सोय नव्हती.

वाचन सुरू का झालं, तेही सांगायला हवं. 2021 चा मे महिना. मंडळीतल्या एका घरचा कर्ता माणूस गेला. मातीला चार जण. सांत्वनाच्या प्रार्थनेला आम्ही सात-आठ माणसं जमलो, मास्क लावून, खिडक्या उघड्या टाकून. शोकेसवर दवाखान्याचं बिल घडी करून ठेवलेलं होतं, त्यावर त्याचा चष्मा. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकांनी फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडला आणि विश्वासणाऱ्यानं कुठल्याही परिस्थितीत समाधानी कसं असलं पाहिजे, यावर ते बराच वेळ बोलले. रडणं म्हणजे विश्वास डळमळल्याचं लक्षण, असंही म्हणाले. आत पोरांसाठी लावलेल्या कुकरची तिसरी शिट्टी झाली. त्याची बायको उठली, गॅस बंद करून आली आणि पदराला हात पुसत उभ्यानंच म्हणाली, “भरून पावले, साहेब.”

खोलीत कुणी मान वर केली नाही. ही साक्ष होती की टोमणा, कळायला मार्ग नव्हता. मराठीत या दोन शब्दांची गंमतच आहे. लेकीनं पहिल्या पगाराची साडी आणली की आई म्हणते, भरून पावले. आणि नवऱ्यानं लग्नाचा वाढदिवस विसरून वर चहाची फर्माईश केली तरी तीच बाई तेच शब्द म्हणते. तिला त्या दिवशी कुठला अर्थ अभिप्रेत होता, हे मी तिला कधी विचारलं नाही. ते शब्द मात्र डोक्यातून जाईनात, म्हणून घरी येऊन पुन्हा तो चौथा अध्याय काढला. आणि अठराव्या वचनापाशी थबकलो.

तिथं पत्र लिहिणाऱ्या पौलानं वापरलेला ग्रीक शब्द आहे 'आपेखो'. त्या काळी हा शब्द पावतीवर लिहीत. मिसरच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांत कर भरल्याच्या, भाडं पोचल्याच्या कितीतरी पावत्या आहेत. त्यांत तो येतो तो 'रक्कम पूर्ण मिळाली, आता येणं नाही' या अर्थानं. त्याच्या आधीच्या तीन वचनांतही भाषा व्यापाऱ्याची आहे : देणं, घेणं, खात्यावर जमा. समाधानाविषयी बायबलमधलं सगळ्यांत गाजलेलं वचन, ज्यावरून प्रवचनं होतात आणि भिंतीवरच्या तक्त्या बनतात, ते मुळात एका पोचपावतीत आलेलं आहे. पौल म्हणतोय, भरून पावलो. आणि तो हे तुरुंगातून म्हणतोय.

हा कागद कुठल्या परिस्थितीत लिहिला गेला, ते जरा पाहू. फिलिप्पै हे मासेदोनियातलं रोमी वसाहतीचं शहर. पौल बेड्यांत आहे. कुठल्या गावच्या, यावर अभ्यासकांत एकमत नाही. परंपरा रोमचं नाव घेते, म्हणजे साधारण इसवी सन 61-62. कैद्याच्या पोटाची काळजी रोमी सरकार फारशी वाहत नसे. नातलगांनी, मित्रांनी डबा पोचवायचा, नाहीतर उपाशी राहायचं. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती मदत पाठवली. तो आला, आजारी पडला, मरणाच्या दारातून परतला. आपल्या आजारपणाची बातमी गावी पोचली, आता माणसं काळजीत पडतील, याचीच त्याला जास्त रुखरुख. बरा झाल्यावर पौलानं त्याला परत धाडलं आणि त्याच्याबरोबर हे पत्र दिलं. पाठवणारी माणसं स्वतः खाऊन-पिऊन सुखी होती असंही नाही. करिंथकरांना लिहिताना पौल या मासेदोनियाच्या मंडळ्यांबद्दल सांगतो, की त्या कमालीच्या गरिबीत होत्या आणि त्या गरिबीतून त्यांनी दिलं.

आता पत्राचा शेवट पाहिला की एक गोष्ट मजेशीर वाटते. आभार मानताना पौल अवघडलेला आहे. तुम्ही पाठवलंत, आनंद झाला. म्हणजे मला गरज होती म्हणून म्हणत नाही हं. मी आहे त्यात राहायला शिकलोय. तरी पण तुम्ही केलंत ते बरंच केलंत. दुसऱ्याच्या हातून घेताना स्वाभिमानी माणूस कसा ओशाळतो, ते इथं स्वच्छ दिसतं. आमच्या बुधवारच्या बैठकीत हे वाचलं तेव्हा लॉकडाऊनमध्ये रेशनची पाकिटं घेतलेली चार माणसं समोर होती. त्यांतले एक जण हसून म्हणाले, “पाकीट घेताना मीपण असंच काहीबाही बोललो होतो.”

याच आढेवेढ्यांत तो मोठा शब्द येतो. 'आउतार्केस'. शब्द स्तोइक तत्त्वज्ञांचा. ज्याला कुणाचीच गरज नाही, सुखदुःख ज्याच्या आत शिरत नाही, असा स्वयंपूर्ण माणूस म्हणजे आउतार्केस. पौलाचा समकालीन सेनेका या स्वयंपूर्णतेवर फार सुरेख लिहून गेला, आणि होता गडगंज. पौलानं शब्द उचलला खरा. पण लगेच दोन-तीन वचनांत तो म्हणतो, तुम्ही माझ्या संकटात भागीदार झालात. स्तोइक माणसाला हे वाक्य लिहिता आलं नसतं. त्याला भागीदार लागत नाही. पौलाचं समाधान मात्र कुणीतरी कित्येक आठवड्यांची वाट तुडवून, आजारी पडून आणून दिलेल्या गाठोड्यासह येतं. या एका फरकावर मी या पुस्तकात दोन प्रकरणं खर्च केली आहेत, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटतात. ख्रिस्ती समाधान एकट्यानं भोगायची चीज असती तर मंडळीची गरजच काय होती?

दुसरा शब्द 'शिकलो'. आपण दुःखी माणसाला सांगतो, समाधान मान. मानून घे. जणू ते कुठं काढून ठेवलेलं आहे आणि हात पुढे केला की झालं. पौल 'मानलं' म्हणत नाही. आधी 'शिकलो' म्हणतो, आणि पुढच्याच वचनात त्याहून चमत्कारिक क्रियापद वापरतो, जे त्या काळच्या गूढ पंथांत दीक्षा घेण्यासाठी वापरत. भरल्या पोटाची आणि उपासाची, दोन्हींची मला दीक्षा मिळाली आहे, असा त्याचा भाव. या शाळेचा अभ्यासक्रम त्यानं दुसरीकडे दिला आहे : पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा गलबत फुटलं. एवढं झाल्यावर तो शिकलो म्हणतो. काल विधवा झालेल्या बाईनं आज संध्याकाळी ते म्हणावं, अशी अपेक्षा कुणी कुठल्या तोंडानं करायची?

याच परिच्छेदातलं तेरावं वचन तर बिचारं फारच दमलेलं आहे. परीक्षेच्या पॅडवर, दुकानाच्या काचेवर, जिममधल्या टी-शर्टवर, नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ते सगळीकडे असतं, आणि सगळीकडे त्याचा अर्थ 'मी जिंकणार' असा. मूळ जागी त्याच्या आगेमागे भूक आहे. ज्याला उपाशी राहणंही जमलं, तो म्हणतोय, की मला सामर्थ्य देणारा आहे म्हणून हे सगळं निभावतं.

समाधान या शब्दाची मला भीतीही वाटते, तीही इथं नोंदवतो. हा शब्द वरच्यांनी खालच्यांना फार ऐकवला आहे. आमच्या नगर जिल्ह्यातल्या बहुतेक ख्रिस्ती घरांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. 'आहे त्यात समाधान मान' हे त्यांनी गावात पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं होतं. तेच प्रार्थनामंदिरातही ऐकायचं असेल, तर मग फरक काय पडला? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलं. 1956 मध्ये तो आदेश शिखांसाठी बदलला, 1990 मध्ये बौद्धांसाठी बदलला. ख्रिस्ती होते तिथंच आहेत. यावर अर्ज करणं, कोर्टात जाणं, मोर्चा काढणं हे समाधानाच्या विरुद्ध आहे, असं सांगणारी भली माणसं मला भेटली आहेत. त्यांना मी फिलिप्पै शहरातलीच गोष्ट सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात आहे. पौल आणि सीला यांना भर चौकात छड्यांनी झोडपून आतल्या कोठडीत टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री दोघं गात होते. हा भाग सगळ्यांना माहीत असतो. शब्बाथ शाळेतली मुलंसुद्धा भूकंपाचा आवाज काढून दाखवतात. पण सकाळी काय झालं? अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, सोडून द्या त्यांना. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला सर्वांदेखत मारलंत आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले, गयावया करत आले. रात्री गाणारा आणि सकाळी हक्कावर अडून बसणारा माणूस एकच आहे. तिथून निघाल्यावर तो पहिल्यांदा गेला लुदियाच्या घरी. जांभळी वस्त्रं विकणारी ही थुवतीराची बाई. फिलिप्पैची मंडळी तिच्या ओसरीवर वाढली. पुढे तुरुंगात डबा पाठवला तो या मंडळीनं.

तक्रारीचं काय? आमच्या वाचनात सगळ्यांत जास्त वेळ यावर गेला. पवित्र शास्त्रात तक्रारीची गाणी इतकी आहेत, की ती काढून टाकली तर स्तोत्रसंहितेचं पुस्तक निम्म्यावर येईल असं वाटावं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही, आणि तरी ते उपासनेच्या पुस्तकात आहे. हबक्कूक संदेष्टा पुस्तक उघडतो तेच देवावर आरोप करत. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी हर्ष करीन, असं तो म्हणतो ते तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी. दोन अध्याय भांडून झाल्यावर. आपण प्रचारक मंडळी शेवट वाचतो आणि भांडण गाळतो. जेरेमाया बरोज नावाच्या इंग्लिश प्युरिटन उपदेशकाचं समाधानावरचं पुस्तक 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. यादवी युद्धाच्या धामधुमीत दिलेली ती प्रवचनं, आणि आधार हाच, फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय. हा कडक शिस्तीचा माणूससुद्धा बजावून सांगतो, की देवापाशी रीतसर गाऱ्हाणं मांडणं समाधानाच्या आड येत नाही. मराठी माणसाला हे इंग्लंडातून आणावं लागू नये खरं तर. तुकोबांनी विठ्ठलाशी जेवढं भांडण केलं तेवढं कुणी केलं? नारायण वामन टिळक म्हणत, आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावरून येताना देवाशी मोकळेपणानं भांडायची रीतही बरोबर आली असती, तर आमच्या कितीतरी सांत्वनाच्या प्रार्थना अधिक खऱ्या झाल्या असत्या.

टिळकांचं नाव आलं की लक्ष्मीबाईंचं यायलाच हवं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या-सासरच्या माणसांत एकट्या पडल्या. पुढची काही वर्षं ताटातुटीची. 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या मागे फरफटत जाऊन नव्हे. जातिभेद माणसानं केलाय हे स्वतःशी पटल्यावर. 1934 पासून भागाभागांनी निघालेली 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना त्या घरातला हिशेब ठाऊक आहे. घरखर्चाचे पैसे वाटेत कुणाला तरी देऊन मोकळा होणारा नवरा, आणि उद्याच्या पिठाची चिंता करणारी बायको. समाधान दोघांकडे होतं, पण एकाच जातीचं नव्हतं. टिळकांचं उधळून देणारं. लक्ष्मीबाईंचं चिडणारं, हसणारं, पदरमोड करून दुसऱ्याची पोरं सांभाळणारं. मला विचाराल तर मी लक्ष्मीबाईंच्या बाजूचा. त्यांच्या पुस्तकात दुष्काळ आहे, प्लेग आहे, भूक आहे, आणि पानापानावर हसू आहे.

पंडिता रमाबाईंवर पुस्तकात वेगळं प्रकरण आहे, म्हणून इथं थोडकंच. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत 1882 मध्ये नवरा गेला. पदरात मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना शांत, सोशिक संतीण करून ठेवणाऱ्यांनी त्यांचा सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वाचावा. पटलं नाही ते पटलं नाही, असं त्या आपल्याला आसरा देणाऱ्यांनाही तोंडावर सांगतात. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, छापखाना उभा राहिला. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलाचे खिळे त्या बायकांनी जुळवले. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. वर्ष उलटायच्या आत, 5 एप्रिल 1922 ला, रमाबाई गेल्या. भाषांतराचं काम अखेरच्या दिवसांपर्यंत चालू होतं. एवढ्या बाकीपुढे त्यांनी काय लिहिलं असेल, हा प्रश्न मला केडगावला गेलो की दर वेळी पडतो.

एक खुलासा शब्दांबद्दल. पुस्तकात मी 'संतोष'पेक्षा 'समाधान' जास्त वापरलं आहे. संतोष गोड शब्द आहे, पण त्याला लाडवाचा वास येतो. समाधानाच्या पाठीशी 'शंकासमाधान' उभं आहे : आधी शंका, मग समाधान, आणि शंका विचारायला कुणीतरी समोर हवं. 'अल्पसंतुष्ट' हा शब्द मात्र कुठं आलेला दिसला तर तो माझ्या हातून निसटला, असं समजावं. वचनं शक्यतो माझ्या शब्दांत सांगितली आहेत; वाचकानं आपापलं शास्त्र उघडून ताडून पाहावं. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला युवदीया आणि सुंतुखे यांच्या भांडणाचं प्रकरण आधी वाचायला हरकत नाही. समाधानाच्या पत्रात दोन बायकांचं न मिटलेलं भांडण नावानिशी का येतं, हा प्रश्न कुणालाही पडण्यासारखा आहे.

आजारपणावरचं प्रकरण मी दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा लिहिलं तेही फार चांगलं साधलेलं नाही. पौलानं आपल्या शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही, एवढं मी सांगू शकतो. ज्यांचा काटा निघालेला नाही त्यांच्याशी याहून जास्त बोलायला माझी जीभ रेटत नाही.

हस्तलिखित पुरं झाल्यावर पहिल्यांदा तिला वाचायला दिलं, त्या मे महिन्यातल्या घरी. आता ती सकाळी पोळी-भाजीचे डबे करते, अकरा वाजेपर्यंत बोलायला सवड नसते. पंधरा दिवसांनी तिनं कागद परत दिले. कडेला दोन-चार ठिकाणी तेलाचे डाग, पिठाची बोटं. सगळ्या मजकुरात तिनं एकच दुरुस्ती केली होती. दुसऱ्या प्रकरणात मी तिच्याविषयी, नाव न घेता, लिहिलं होतं, की ती त्या दिवसानंतरही दर रविवारी धीरानं उपासनेला येत राहिली. 'धीरानं' हा शब्द तिनं खोडला होता आणि वर बॉलपेननं 'रडत' असं लिहिलं होतं. छापायला देताना ते तसंच ठेवलं आहे.